पोर पाण्यात खेळते तेव्हा काय शिकते?



आपल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला पाऊस धो धो पडतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई देगावजवळ. इतके असूनही एप्रिल-मे उजाडला, विहिरीचा तळ दिसू लागला, की घरोघरी एकच ओरड ऐकू येते : "पाण्याला हात लावू नकोस!" पोर बिचारे तांब्या घेऊन न्हाणीपाशी बसलेले असते. त्याच्या पाठीत धपाटा बसतो, तांब्या हिसकावला जातो आणि रडारड सुरू होते. आईचेही चुकत नाही. दोन घागरी पाण्यासाठी ती पहाटे उठलेली असते. पण त्या पोराचेही चुकत नसते. ते पाणी नासत नसते, शिकत असते. ते काय शिकते, आणि आपले पाणी व त्याचा जीव या दोन्हींची काळजी घेऊन त्याला कसे शिकू द्यावे, याचा विचार या लेखात करू.

आमची स्वतःची चूक

हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या आवारात कुंपणाच्या भिंतीचे काम चालले होते. सिमेंट कालवण्यासाठी गवंड्यांनी एक प्लॅस्टिकचे पिंप मधोमध कापून त्यात पाणी भरून ठेवले होते. शनिवारी काम संपले, गवंडी घरी गेले, पिंप तसेच राहिले. ते रिकामे झाले की नाही हे पाहणे आमचे काम होते. आम्ही विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी माणसे बोलत उभी असताना तीन वर्षांचा एक मुलगा त्या पिंपाशी गेला आणि वाकून आत हात घालताना डोक्याकडून आत पडला. पाणी वीतभरच होते. ना ओरडणे, ना पाण्याचा आवाज. आमच्या बागकाम करणाऱ्या माणसाला पिंपावर दोन लहान पाय दिसले म्हणून मूल वाचले. त्याला लगेच डॉक्टरांकडे नेले, दिवसभर देखरेखीखाली ठेवले आणि संध्याकाळी ते घरी आले. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आवारातील नळाला कुलूप घातले आणि मुलांनी पाण्याजवळ फिरकायचे नाही असा हुकूम काढला. सगळ्यांना तो पटला. पटला नाही तो एका आजीला. त्या म्हणाल्या, "फादर, कुलूप घातलासा ते बरं केलासा. पर पोराला पाणी कळायचं कवा? माझी नातवंडं माझ्याम्होरं बसून तांब्यानं खेळत्यात. मला उठायचं झालं की तांब्या बी माझ्यासंगं उठतोय."

आम्ही आजींच्या परसात जाऊन बसलो. तासभर पाहिले. त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचले आणि गेली दोन वर्षे रविवारी दुपारी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, मोठ्यांच्या देखरेखीखाली, अर्धी बादली पाणी देऊन खेळू देत आहोत. जे पाहिले ते येथे मांडतो.

१. हात शिकतात

तांब्यातून वाटीत पाणी ओतणे आपल्याला सोपे वाटते. दोन वर्षांच्या मुलाला ते अवघड असते. तांब्या किती कलवायचा, धार कोठे पडेल, कधी थांबायचे, हे डोळा आणि हात यांनी मिळून ठरवायचे असते. प्रथम सगळे पाणी बाहेर सांडते. दहा-वीस वेळा सांडल्यावर हात आपोआप हळू होतो. ओले फडके पिळताना मनगट आणि बोटे बळकट होतात. हीच बोटे पुढे बटण लावणार, भाकरी थापणार, पेन्सिल धरणार आहेत. बोटांत ताकद येण्यापूर्वीच मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल देऊन "अक्षर वाकडे का?" म्हणून रागावण्यात काय अर्थ?

इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतणे, सांडलेले पुसणे, हात धुणे या रोजच्या कामांना त्यांच्या पद्धतीत शिक्षणाचे स्थान मिळाले. त्या १९३९ साली मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला व पुढे कोसबाडला खेड्यातील मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, आणि बालशिक्षणाला महाग साधने लागत नाहीत, गावात मिळणाऱ्या वस्तूंतूनही ते होते, हे दाखवून दिले. आपल्या घरातील तांब्या, करवंटी आणि चहाची गाळणी ही अशीच साधने होत.

२. 'जास्त' आणि 'कमी' कळू लागते

हा प्रयोग वाचकांनी घरी अवश्य करावा. सारखे दोन पेले घ्या. दोन्हींत सारखे पाणी भरा. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, "दोन्हींत सारखे आहे ना?" ते हो म्हणेल. आता त्याच्या देखत एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद बाटलीत ओता आणि विचारा, "आता कशात जास्त?" बहुतेक मुले बाटलीकडे बोट दाखवतील. पाणी उंच चढले, म्हणजे वाढले, असे त्यांना वाटते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. साधारणपणे सहा-सात वर्षांच्या पुढे मुलाला कळते की भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते. मागचे-पुढचे काही महिने सहज होतात. मूल मठ्ठ आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या वयाचे डोके एका वेळी एकच गोष्ट धरते. उंची पाहिली की रुंदी विसरते.

येथे आईवडिलांनी मोह आवरावा. "अरे वेड्या, पाणी तेवढेच आहे!" असे सांगून मुलाला ते पटत नाही, ते केवळ आपल्याला हवे ते उत्तर देऊ लागते. उलट त्याला पुन्हा पुन्हा ओतू द्यावे. बाटलीतले पाणी परत पेल्यात गेले की पेला पूर्वीइतकाच भरतो, हे त्याचे त्यालाच दिसते. हाताळण्याला केवढे मोल आहे पाहा : १९६९ साली मेक्सिकोत झालेल्या एका अभ्यासात कुंभारांची मुले, मातीचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे इतर मुलांपेक्षा चांगले ओळखत असल्याचे आढळले. रोज माती हाताळणाऱ्याला मातीचा स्वभाव कळतो. पाण्याचेही तसेच समजावे.

याच खेळात मोजणी येते. "हा तांब्या किती वाट्यांनी भरेल?" असे विचारले की मूल आधी अंदाज करते, मग मोजते. अर्धा, पाव, काठोकाठ हे शब्द पाठ न करता समजतात. आपल्या आज्या शेर, चिपटे, मापटे यांनी धान्य मोजत, त्यांना हे वेगळे शिकवावे लागले नव्हते. हातानेच त्या शिकल्या होत्या.

३. तरणे आणि बुडणे

पाटीभर पाण्यात मुलाने सुपारी, नाणे, वाळके पान, खडा, करवंटी, लाकडाचा ढलपा टाकून पाहावे. टाकण्यापूर्वी विचारावे, "काय होईल?" लहान मुले बहुधा म्हणतात, "मोठे बुडेल, लहान तरेल." मग लहानसा खडा बुडतो आणि मोठा नारळ तरतो, तेव्हा ती चक्रावतात. सालीसकट संत्रे तरते, तेच सोलून टाकले की बुडते. हलक्या, हवा धरणाऱ्या सालीची ती करामत. करवंटी उपडी करून दाबली तर आत हवा अडते, सुलटी करून भरली तर ती बुडते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या तांब्यात मूठ बुडवली की पाणी बाहेर येते. मुठीने आपली जागा घेतली म्हणून पाण्याला बाहेर पडावे लागले. आर्किमिडीजची स्नानाच्या टाकीची गोष्ट मोठेपणी शाळेत येईल तेव्हा या मुलाला ती परकी वाटणार नाही.

आता शेतकरी बंधूंनी लक्ष द्यावे. भात पेरण्यापूर्वी आपण बी मिठाच्या पाण्यात टाकतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ढवळले की पोचट, हलके, रोगट दाणे वर तरंगतात आणि भरलेले दाणे तळाशी बसतात. वरचे काढून टाकायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवायचे. आपला मुलगा करवंटीशी जो खेळ करतो तोच हा. बी निवडताना पाच-सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवावे आणि विचारावे, "हे दाणे वर का आले असतील?" त्याने एक दाणा नखाने फोडून आत काय आहे ते पाहावे. या दिवशी ते जे शिकेल ते सहसा विसरणार नाही. मात्र त्या बियाण्याला नंतर औषध चोळायचे असेल तर त्या वेळी मुलाला दूर पाठवावे.

४. भाषा आणि स्वभाव

पाण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. थेंब, धार, शिंतोडा, ओघळ. गळणे, झिरपणे, पाझरणे, मुरणे, सांडणे, उतू जाणे. ओलसर, दमट, चिंब. हे शब्द पुस्तकातून शिकवायला गेलो तर मुलाला कंटाळा येतो. पण फुटक्या मडक्यातून पाणी येताना आई सहज म्हणाली, "बघ, कसे झिरपते आहे," तर शब्द आणि वस्तू एकदम मनात बसतात. आमच्याकडे येणारी एक मुलगी पहिले तीन रविवार बोललीच नव्हती. चौथ्या रविवारी तिने चाळणीत पाणी ओतले आणि ओरडली, "ह्यात राहतच नाही!" त्या दिवसापासून ती बोलू लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. तीन मुलांत नरसाळे एकच असले की पाळी धरावी लागते. पहिल्या दिवशी भांडणे होतात. मोठ्यांनी लगेच मध्ये पडले नाही, तर मुले आपसांत तोड काढतात : एकाने नरसाळे धरायचे, दुसऱ्याने ओतायचे. चिडलेले, हट्टाला पेटलेले मूलही पाण्याशी खेळता खेळता पुष्कळदा शांत होते, हा अनुभव आयांना सांगायला नको.

पाणी वाया जात नाही काय?

हा प्रश्न योग्य आहे आणि आम्हांलाही विचारला गेला. आम्ही मोजून पाहिले. तीन मुलांना अर्धी बादली, म्हणजे सात-आठ लिटर पाणी पुरते. खेळ पपईच्या किंवा मिरचीच्या आळ्याशेजारी मांडावा, म्हणजे सांडलेले पाणी मुळांशी जाते. खेळ संपल्यावर उरलेले पाणी मुलांनीच तांब्याने झाडांना घालावे. साबण मिसळू नये. झाडाला एरवी जे पाणी घालायचे तेच आधी मुलांच्या हातून जाते, इतकेच. शिवाय अर्धी बादली संपली की संपली, दुसरी मिळत नाही, हेही मूल शिकते. पाण्याची किंमत नुसत्या धपाट्याने कळत नाही. आपले पाणी आपल्या हाताने संपले की कळते.

कोणत्या वयाला काय द्यावे

एक ते दोन वर्षे : उथळ परातीत दोन बोटे पाणी. थापट्या मारू द्याव्यात, ओले फडके पिळू द्यावे. मुलाला एका हाताने धरूनच बसावे.

दोन ते चार वर्षे : तांब्या, वाटी, पळी, गाळणी, करवंटी. भरणे आणि ओतणे. ओल्या बोटाने फरशीवर रेघा काढणे. उन्हात रेघ कोठे गेली ते पाहू द्यावे.

चार ते सहा वर्षे : नरसाळे, निरनिराळ्या आकारांच्या बाटल्या, मोजणे, तरणे-बुडणे, कागदाची होडी, मातीत लहानसा पाट काढून आळ्यापर्यंत पाणी नेणे. पाटाला उतार नसेल तर पाणी पुढे जात नाही, हे शेतकऱ्याच्या पोराने या वयात समजून घ्यावे.

काचेची भांडी, धार असलेले डबे, तोंडात जाईल एवढ्या बारीक वस्तू तीन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. सुपारी, नाणी, बिया मोठ्या मुलांसाठीच ठेवाव्यात आणि खेळ संपल्यावर मोजून उचलाव्यात.

हे नियम मोडू नयेत

आमच्या चुकीतून आम्ही जे शिकलो ते येथे सांगतो. कृपा करून हा भाग कात्रण करून भिंतीला लावावा.

पहिला नियम : पाण्याजवळ मूल असेल तर हाताच्या अंतरावर मोठे माणूस हवे. सात-आठ वर्षांची ताई हे मोठे माणूस नव्हे. बुडणारे लहान मूल ओरडत नाही, हातपाय फारसे आपटत नाही. नाक-तोंड बुडेल एवढे पाणी आणि दोन-चार मिनिटे जीव जायला पुरतात.

दुसरा नियम : खेळ संपला की भांडे रिकामे करून पालथे घालावे. यात डासांचाही बंदोबस्त होतो. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंपे, हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एक दिवस कोरड्या कराव्यात.

तिसरा नियम : कीटकनाशकाचा वा तणनाशकाचा डबा कितीही वेळा धुतला तरी मुलाच्या खेळात येता कामा नये, आणि घरात पाणी भरण्यासही वापरू नये. असे डबे तळाला भोके पाडून निकामी करावेत.

चौथा नियम : विहिरीला कठडा, हौदाला झाकण. शेततळे असेल तर त्याला कुंपण घालावेच. प्लॅस्टिकच्या कागदावर पाय घसरतो आणि पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. काठाला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर आत सोडून ठेवावा.

पाचवा नियम : खेळाचे पाणी पिण्याचे नव्हे. ते स्वच्छ असावेच, पण मुलांना पिऊ देऊ नये. गोठ्याजवळचे डबके, भाताच्या खाचरातील गढूळ पाणी खेळण्यास वापरू नये. उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग अशा पाण्यातून होतात. पायाला जखम असेल तर विशेष जपावे. खेळानंतर साबणाने हात धुवावेत, अंग पुसावे, कपडे बदलावेत.

इतके करूनही अपघात झालाच तर मुलाला बाहेर काढून पाठीवर, टणक जागी निजवावे. पाय धरून उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर आले, हसू-बोलू लागले, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नये. छातीत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते. श्वास व छातीचा दाब कसा द्यावा हे वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विनंती करून प्रत्येक गावातील पाच-दहा माणसांनी ते हाताने शिकून घ्यावे. सहा वर्षांपुढील मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणेही शिकवावे.

शेवटी एक विनंती

पाण्याची भीती आणि पाण्याची हौस, दोन्ही खऱ्या आहेत. कुलूप लावून आपली भीती शांत होते, पण मुलाला पाणी कळत नाही. आणि ज्याला पाणी कळलेले नाही असे मूल एक दिवस एकटेच विहिरीकाठी जाते. आमच्या नळाला आजही कुलूप आहे. फक्त रविवारी दुपारी ते उघडते, आणि उघडणारे माणूस खेळ संपेपर्यंत तेथून हलत नाही.

पिंपात पडलेला तो मुलगा आता पाच वर्षांचा आहे. पहिले काही महिने तो पाण्याजवळ येईना. आईच्या पदराआडून पाहायचा. मग एके दिवशी त्याने ओलसर फडके हातात घेतले, पुढच्या वेळी वाटी घेतली. मागील रविवारी तो तीन वर्षांच्या एका पोरीला सांगत होता, "एकटीनं यायचं नाही हं. आधी मोठ्या माणसाला बोलवायचं." आणि तिला त्याने नरसाळे धरायला दिले.

तेव्हा आयांनो, आज्यांनो, आणि शेतावरून परतणाऱ्या बापांनो, आठवड्यातून एकदा अर्धा तास काढा. अर्धी बादली पाणी, एक तांब्या, एक वाटी, एक करवंटी घ्या. मुलाच्या शेजारी बसा. शिकवायची घाई करू नका, एखादाच प्रश्न विचारा आणि उत्तर चुकले तर हसू नका. मग उठताना, त्या आजी म्हणाल्या तसे, तांब्या आपल्यासंगे उचला.